सोबतचा रकाना

नवऱ्याच्या मित्राचा मत्सर वाटतो, हे कुणाला सांगण्यासारखं नसतं. एखाद्या बाईचा वाटला असता तर ऐकणाऱ्याला निदान लगेच उमगलं असतं. शेठ म्हणजे साठी ओलांडलेले, पोट सुटलेले, कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे आणि सळया विकणारे गृहस्थ. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातले कोकणी मुसलमान. माझा नवरा त्यांना 'शेठ' म्हणायचा, ते त्याला 'इंजिनेर' म्हणायचे. वीसेक वर्षं दर रविवारी सकाळी सातला ते आमच्या नेरूळच्या घरी यायचे, येताना बेकरीतली खारी आणायचे आणि दहाला निघायचे. मधले तीन तास दोघं आतल्या खोलीत गाणं ऐकायचे. मी हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसायचे.

गेल्या वर्षी माझा नवरा गेला. मी लिहिते आहे ते त्यानंतरचं, पण सुरुवात त्या खोलीपासून करायला हवी.

खोली लहान. खिडकीतून शिरवण्याच्या गावठाणातली एकमेकींना टेकलेली घरं दिसतात. एका भिंतीला दोन स्पीकर आणि मधे टीव्ही, समोर दोन वेताच्या खुर्च्या. खुर्च्यांचे पाय जिथे टेकतात तिथे नवऱ्याने जमिनीवर काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवले होते, म्हणजे झाडताना खुर्ची हलली तरी परत जागेवर बसावी. तेवढ्याच जागी दोन्ही स्पीकरांचा आवाज बरोबर जुळतो, असं त्याचं म्हणणं. तिसरी खुर्ची ठेवली तर तिला भिंतीवरून परतलेला आवाज मिळणार. त्यामुळे तिसरी खुर्ची त्या खोलीत कधी आली नाही.

यात त्याचा दोष नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने मला गाणं ऐकायला बोलावलं होतं आणि मी म्हटलं होतं, "मला यातलं काही कळत नाही." जेवताना दुसऱ्यांदा वाढायला आलं की आपण 'नको' म्हणतो, तसं म्हटलं होतं. तो आग्रह करेल असं वाटलं होतं. पण तो इंजिनियर होता. सांगितलेली गोष्ट तो सांगितली तशी नोंदवून घ्यायचा. पुढे शेठ आले. एका ओळखीच्याकडे रेकॉर्ड लागली होती, ती ऐकून दोघांनीही एकाच जागी मान हलवली म्हणे, आणि तेवढ्यावर मैत्री झाली.

मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तीस वर्षं ते काम केलं. म्हणून नवऱ्याच्या गाण्यात माझा एक वाटा आहे, आणि तो मी कुणालाही देणार नाही, असं माझं मला वाटायचं. तो वाटा असा.

घरच्या टीव्हीला जोडायचं एक सॉफ्टवेअर असतं. सिनेमे, फोटो, गाणी सगळं एका लहानशा डब्यात साठवायचं आणि रिमोटने पडद्यावर उघडून बघायचं. नवऱ्याने निवृत्त झाल्यावर आपल्या सगळ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. पण त्या सॉफ्टवेअरमधला गाण्यांचा विभाग बघून तो चिडायचा. "यांच्या लेखी गाणं म्हणजे तीन गोष्टी," तो म्हणायचा. "गायक, अल्बम आणि गाण्याचं नाव. आता रोह्याच्या वकिलाच्या माळ्यावर सापडलेल्या कॅसेटला अल्बमचं नाव कुठून आणू? आणि राग कुठे लिहू?" त्या सॉफ्टवेअरचं रूप कुणालाही बदलता येत असे. त्याने ते बदलायला घेतलं आणि एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मला विचारलं, "तुमच्याकडे एका पुस्तकाला किती कार्डं असायची गं?"

मी सांगितलं. लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाची दोन-तीन. पुस्तक एका जागी उभं असतं, पण वाचक कुठल्या दाराने येईल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून जितकी दारं तितकी कार्डं. तो पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. पुढचा आठवडाभर आम्ही त्या टेबलाशी बसून कागदांवर चौकोन काढले. रागाचं दार, प्रहराचं दार, गायकाचं, साथीदारांचं, ज्याच्याकडून ध्वनिमुद्रण मिळालं त्याचं. डाव्या बाजूला नवऱ्याच्या हस्ताक्षरातल्या कॅसेटच्या वेष्टनाचा फोटो, उजवीकडे सगळे रकाने. त्या आठवड्यात मला गाण्यातलं कळत नाही ही गोष्ट आमच्या घरात एकदाही निघाली नाही. मग आराखडा तयार झाला, तो डब्यापुढे बसला आणि मी हॉलमध्ये परतले.

तो गेल्यानंतर तीन महिन्यांनी एका दुपारी मी आतला टीव्ही लावला. बातम्या बघायच्या होत्या. डबा सुरूच होता. पडद्यावर आमचा आराखडा उघडला, टेबलावर काढला होता जवळजवळ तसाच. मी एक ध्वनिमुद्रण निवडलं. वेष्टनाचा फोटो होता, राग होता, तबल्यावर कोण ते होतं. आणि तळाशी एक रकाना होता, जो आम्ही टेबलावर काढलेला नव्हता. 'सोबत'. त्यापुढे लिहिलं होतं: 'शे.'

दुसरं उघडलं. सोबत: शे. तिसरं. सोबत: शे., खाली तारीख, आणि 'शे.च्या मुलीचा निकाल लागला तो दिवस'. मग मी त्या रकान्यावरून सगळी यादी अक्षरवार लावली. आधी थोडी 'एकटा' अशी आली. मग 'शे.' सुरू झालं आणि पडदे उलटत गेले तरी 'शे.' संपेना. मी रिमोट ठेवून दिला.

दारं कशी करायची ते मी शिकवलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं दार त्याने शेठसाठी केलं.

त्या दिवसापासून मी तो आराखडा पुरा करायला घेतला. तो अर्धवट होता, हे खरंच होतं. एकाच रागाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, एकच गायक कधी पूर्ण नावाने, कधी आद्याक्षरांनी. मुलगी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिने फोनवरून मला फाइली कशा उघडायच्या ते दाखवलं.

"आई, बाबांचं तसंच राहू दे ना," ती म्हणाली.

"अर्धवट आहे ते."

"मग असू दे अर्धवट. तुला कुठे ऐकायचंय?"

हे तिने सहज म्हटलं, पण ते मला लागलं. मी म्हटलं, "कॅटलॉग अर्धवट सोडून मी रिटायर झाले नाही."

"बरं बाई. बॅकअप घेतलास का?"

"घेते."

मी घेतला नाही.

आमच्या ग्रंथालयात एक शिस्त होती. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी चाळायचं, आणि कुणी पेन्सिलने खुणा केल्या असतील तर मऊ खोडरबराने पुसून टाकायच्या. पुस्तक सगळ्यांचं आहे. एका वाचकाची खूण दुसऱ्याच्या मधे यायला नको. तीस वर्षांत मी किती समास पुसले असतील त्याची गणती नाही. कुणी 'वा' लिहिलेलं, कुणी नुसती रेघ मारलेली, कुणी एका कवितेशेजारी मुलीचं नाव. माझा हात सरावलेला होता. 'सोबत'च्या रकान्याकडे बघत मी स्वतःला सांगितलं की ही माहिती गाण्याची नाही, ऐकणाऱ्याची आहे. पेन्सिलच आहे ही. आणि सगळ्या फाइलींमधला तो रकाना एका आज्ञेने कोरा केला. गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत झालं.

माझा हात कशासाठी चालला ते मला ठाऊक होतं. ते मी स्वतःपासून लपवलं नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढचे दोन महिने मी चांगलं काम केलं. रागांची नावं एकसारखी केली, गायकांची नावं ठरवली, ज्यांचं नाव माहीत नाही त्यांना आमच्या रिवाजाप्रमाणे 'अज्ञात' या एका मथळ्याखाली नेलं. पहाट, सकाळ, दुपार असं प्रहरांप्रमाणे उघडणारं पान केलं. पडदा स्वच्छ दिसू लागला. तिथे आता कुणीच नव्हतं.

मग शेठचा फोन आला. सुतकाच्या दिवसांमध्ये ते दोनदा येऊन दाराशी बसून गेले होते. रविवारी मात्र त्यानंतर आले नव्हते. बाई एकटी असते, बरं दिसत नाही, असा त्यांचा संकोच असावा, आणि मीही 'या' म्हटलं नव्हतं.

"वहिनी, रविवारी येऊ का? धा मिनटं. जास्त नाय बसत."

सातला नाही, नऊला आले. खारीचा पुडा टेबलावर ठेवला. दुकान भाच्याच्या हवाली करून पुढच्या महिन्यात गावी राहायला जातोय म्हणाले. गुडघे गेलेत, गावात घर आहे, समुद्र आहे.

"जायच्या आधी एक ऐकायचं व्हतं. त्याच खोलीत. गावाला आमचा स्पीकर म्हंजे टीव्हीतला."

"कुठलं?"

"ते, अब्बांना हॉस्पिटलातनं घरी आणलं, त्या रविवारी लावलेलं. बाई गाते. आवाज जरा बसलेला हाय तिचा. मधी कुठं तरी पेला पडतो, ठण्णकन. स्टीलचा."

"राग कोणता?"

"तोडी असंल. इंजिनेर मानायचा नाय." ते हसले. "मला काय, वहिनी, मी नाव कधी घेतलंच नाय. मी म्हणायचो, ते अब्बांच्या दिवशीचं लाव, की तो लावायचा. अर्ध्या मिनटात."

तो अर्ध्या मिनिटात कसा लावायचा, ते मला त्याच क्षणी कळलं. शेठ ज्या दाराने आत यायचे, ते दार नवऱ्याने बरोबर ओळखून बांधलं होतं, आणि मी ते भिंत घालून बुजवलं होतं. ग्रंथपालाने करावं असं याहून वाईट काम मला माहीत नाही. मी पडद्यावर तोडीचं पान उघडलं. दोन-अडीच डझन ध्वनिमुद्रणं. शेठ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, बसले नव्हते. मी म्हटलं, "आत्ता सापडत नाहीये. शोधून ठेवते. पुढच्या रविवारी या."

"टेन्शन नका घेऊ," शेठ म्हणाले, आणि खारी न खाताच गेले.

तो आठवडा मी ऐकत बसले. सकाळी अंघोळ झाली की नवऱ्याच्या खुर्चीत बसायचं, तोडीतलं एक लावायचं आणि पेला पडायची वाट बघायची. बायकांचीच गाणी घ्यायची असं ठरवलं, पण गोंधळ नको म्हणून पुरुषांचीही ऐकली. पहिल्या दोन दिवसांत मला सगळं सारखंच वाटलं. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी गाणारी बाई एका सुरावर येऊन थांबेल असं मला वाटलं आणि ती थांबली. मी इकडेतिकडे बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. खोकला ऐकू आला, गाडीचा हॉर्न ऐकू आला, एका मैफलीत कुणाचं तरी लहान मूल रडलं. पेला पडला नाही. शुक्रवारपर्यंत तोडी संपली. आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ज्याचा हेवा केला ते मी पाच दिवस एकटीने केलं होतं, आणि ते मला आवडलं होतं. त्यामुळे हेवा कमी झाला असं नाही. हे जर मला जमत होतं, तर ते वीस वर्षं शेठना मिळालं आणि मला मिळालं नाही, हे आणखीनच बोचलं.

शनिवारी रिक्षा करून मी कळंबोलीला गेले. फोनवर सांगता आलं असतं. पण पुसलं एकटीने, तर सांगायचं तरी समोर जाऊन, असं वाटलं.

लोखंड बाजारात मी त्याआधी कधी गेले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे, पत्र्याची गुंडाळी क्रेनला लटकलेली, आणि सगळ्या बाजूंनी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. असल्या आवाजात आठवडा काढून हा माणूस रविवारी तंबोरा ऐकायला यायचा, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. शेठ गाळ्याबाहेर उभे होते. मागे एक जण मशीनवर सळया कापत होता.

"वहिनी? तुमी इथं?"

"शेठ, ते गाणं माझ्यामुळे सापडत नाहीये."

"काय?"

"प्रत्येक गाण्याखाली त्याने लिहिलं होतं. सोबत कोण होतं ते. ते मी पुसलं."

"पुसलं? कुणी?" त्यांनी कानामागे हात धरला.

"मी."

"चुकून?"

"नाही," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी उभ्या आयुष्यात कधी ओरडले नव्हते, ग्रंथालयात तर शक्यच नव्हतं. आता ओरडले. "चुकून नाही. तुमचं नाव होतं म्हणून पुसलं."

नेमकं 'तुमचं'पाशी मशीन बंद झालं. बाकीचं वाक्य सगळ्या गाळ्याने ऐकलं. सळया उचलणारे दोघं हमाल थांबून आमच्याकडे बघायला लागले.

"काय बघता रं? पिच्चर हाय काय?" शेठ त्यांना म्हणाले आणि मला आतल्या काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेले. चहा सांगितला. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. तो लोखंडी नटाचा होता.

"मी समजलो मशीन बिघडली," शेवटी ते म्हणाले. "कायतरी उडालं म्हणून तुमाला सापडत नाय."

"मशीन चांगली आहे."

"हं." त्यांनी चहा बशीत ओतला. "आमच्या घरात पण लय बोलायची बायको. रविवारी मानूस जातो कुठं? सांगितलं, गाना ऐकायला. म्हणली, त्याला नेरूळला जायला लागतंय? घरात रेडिओ हाय." बशी खाली ठेवून ते म्हणाले, "तिच्या हातात असतं तर तिनं बी पुसलं असतं. नाव नाय, मलाच."

मला हसू आलं आणि ते आवरता आलं नाही.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला. बिलबुकांच्या खालून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. हार्ड डिस्क होती. "इंजिनेरनं दिलेली. दर दिवाळीला घेऊन जायचा, नवीन भरून आणून द्यायचा. म्हणायचा, माझी उडाली तर तुझी राहील. मला लावता येत नाय, पण ठेवली."

डिस्क बघून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र पहिल्यांदा दुसरंच वाटलं, आणि ते तोंडून गेलंही. "तुमच्याकडे ठेवली? मला का नाही दिली?"

शेठनी डिस्क माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडं ओरिजिनल व्हता ना, वहिनी."

घरी येऊन मी डिस्क जोडली आणि त्यातला 'सोबत'चा रकाना शोधला. अब्बा हा शब्द टाकल्यावर ते ध्वनिमुद्रण खरोखर अर्ध्या मिनिटात निघालं. ते तोडीत नव्हतं. रागाच्या जागी 'शेठ म्हणतात तोडी?' असं प्रश्नचिन्हासह लिहिलेलं, गायिकेचं नाव माहीत नाही, रोह्याची कॅसेट. म्हणजे मीच तिला 'अज्ञात'मध्ये टाकली होती आणि रागाचा रकाना रिकामा ठेवला होता. तळाशी लिहिलं होतं: 'शे. अब्बांना घरी आणलं. पेला पडल्यावर दोघंही हसलो.' तिथे मी नव्हते. मी कुठे होते ते आठवून बघितलं. हॉलमध्येच असणार.

मग मी यादी पुन्हा अक्षरवार लावली. यावेळी ग्रंथपालासारखी शेवटपर्यंत गेले. एकटा. शे., शे., शे., कितीतरी पडदे. मागच्या वेळी मी इथेच रिमोट ठेवला होता. 'श'च्या पुढेही अक्षरं असतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. 'श'नंतर 'ह' आला.

'ही, कुकर होईपर्यंत.'

'ही, दारात. चहा निवला.'

'ही, रागावून. पाहुणे यायचे होते.'

'शे.' या अक्षराने सुरू झालेल्या नोंदींमध्येही मग मी शोधलं. 'शे. आणि ही, दारात.' असं दोनदा मिळालं. माझ्या सगळ्या मिळून चौदा नोंदी. त्यातली एक अशी: 'ही, हॉलमधून. पान उलटायची थांबली.'

ती मी पुन्हा पुन्हा वाचली. कुठलं पुस्तक होतं ते आठवेना. थांबले होते ते गाण्यासाठी की पुस्तकातच काही तसं आलं होतं म्हणून, तेही आठवेना. बंद दारातून, गाणं चालू असताना, त्याला माझं पान ऐकू यायचं. मग दार उघडून 'ये' का म्हणाला नाही? मी 'कळत नाही' म्हटल्याची नोंद त्याच्याकडे होती म्हणून. आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही म्हणून. शेकड्यांनी 'शे.' आणि माझ्या चौदा. ही मोजणी मी करू नये हे मला कळत होतं, तरी मी ती दोनदा केली.

डिस्कवरून रकाना परत भरला. मी नीट केलेली रागांची नावं राहू दिली, त्याची प्रश्नचिन्हंही परत ठेवली. 'सोबत' तळाशी होतं ते वर घेतलं, फोटोच्या शेजारी, आणि त्याचं स्वतंत्र पान केलं, इतर दारांच्या बरोबरीचं. दुपारभराचं काम होतं. संध्याकाळी मुलीला फोन करून बॅकअप कसा घ्यायचा ते विचारलं.

"आत्ता?" ती म्हणाली. "आई, इतके दिवस काय करत होतीस?"

"मोठी गोष्ट आहे. सांगेन."

रविवारी शेठ सातला आले. मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती, दोन वेताच्या खुर्च्यांच्या मागे, मधोमध. शेठ आपल्या जागी बसले, मग वळून नवऱ्याच्या खुर्चीकडे हात केला.

"इथं बसा ना, वहिनी. तिथं भिंतीचा आवाज येतो."

"येऊ दे."

मी त्या खुर्चीत आठवडाभर बसले होते, पण शेठसमोर बसवलं नाही. मी लावलं. बाईंचा आवाज खरंच बसलेला होता, कदाचित सर्दी असावी. भिंतीवरून तो जरा उशिराने, जरा मऊ होऊन यायचा. शेठची मान मागून दिसत होती. एका जागी ती हलली. त्याच्या किंचित आधी मला वाटलं होतं की आता हलेल. मग पेला पडला, ठण्णकन, आणि गाणं एक क्षणही न थांबता पुढे गेलं. शेठचे खांदे हसले. माझ्याकडे वळले नाहीत.

त्यानंतर त्यांनी आणखी दोन मागितली. दोन्ही दिवसांवरून मागितली आणि दोन्ही मी लगेच लावली. दहा वाजले तसं त्यांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"धा वाजता उठवायचाच मला," ते म्हणाले. "मी म्हणायचो, अजून एक. नाय म्हंजे नाय. ती बाहेर ताटकळली असंल म्हणायचा. लय राग यायचा मला तुमचा."

मी ताटकळत नव्हते, वाचत होते, असं सांगणार होते. सांगितलं नाही. त्यांना दारापर्यंत सोडलं. पुढच्या रविवारी येता का, विचारलं. सामान हलवायचंय, म्हणाले, पण बघतो.

आत येऊन मी त्या ध्वनिमुद्रणाची फाइल उघडली. आजची तारीख टाकली. 'शे.' लिहिलं. पुढे स्वल्पविराम देऊन 'मी' लिहिलं, आणि खोडलं. आमच्या कामात एक नियम असतो: एका व्यक्तीचं नाव सगळीकडे एकाच रूपात यायला हवं, नाहीतर शोधणाऱ्याला तिच्या सगळ्या नोंदी एका जागी मिळत नाहीत. माझं रूप आधीच ठरलेलं होतं. म्हणून लिहिलं: 'शे., ही. शेवटपर्यंत. कुकर लावला नव्हता.'

यादी अक्षरवार लावली की ही नोंद 'श'खाली जाते, शेठच्या रांगेत. क्षणभर वाटलं, 'ही' आधी लिहावं. मग म्हटलं, राहू दे. आज गाणं त्यांनी मागितलं होतं.